उपमेचा मोह आणि एक वनस्पतिशास्त्रज्ञ

शास्त्राच्या इतिहासांत नव्या विचाराला पुष्कळदां अज्ञानापेक्षां एखाद्या सुंदर उपमेशींच अधिक झगडावें लागतें. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री ॲलन ग्लीसन (१८८२–१९७५) ह्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें मननीय आहे.

वनस्पति आणि त्यांची परिस्थिति ह्यांचा संबंध शोधणारें शास्त्र विसाव्या शतकाच्या आरंभीं बाल्यावस्थेंत होतें. अमेरिकेंत त्यावर फ्रेडरिक क्लेमेंट्स ह्यांचा मोठा पगडा होता. १९१६ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, उजाड भूमीवर प्रथम क्षुद्र वनस्पति येतात, मागाहून गवत व झुडपें येतात, आणि अखेरीस त्या हवामानाला अनुरूप असें स्थिर अरण्य किंवा कुरण सिद्ध होतें. हा क्रम म्हणजे एका सजीव देहाचा जन्म, वाढ व प्रौढत्वच होय. समाजाला देहाची उपमा देण्याची संवय आपल्याकडेहि जुनी आहे. तेव्हां ह्या कल्पनेची मोहिनी आपणांस सहज समजेल.

ग्लीसन ह्यांचा जन्म इलिनॉय संस्थानांतला. अरण्य व तृणभूमि तेथें एकमेकांस भिडतात. तेथील वालुकामय प्रदेशांतील वनस्पतींवर त्यांनीं १९१० सालीं प्रबंध लिहिला. जमिनीवर लहान चौरस आंखून त्यांतील वनस्पति मोजण्याची पद्धति त्यांनीं कसोशीनें वापरली. ज्यांना एकजीव समाज म्हणावें, त्यांच्या सीमा कागदावर जितक्या रेखीव दिसतात तितक्या भूमीवर सांपडत नाहींत, असें त्यांना दिसलें. नदीकांठचें अरण्य कोसामागून कोस पाहत गेलें, तर एक जात विरळ होत जाते, दुसरी हळूच डोकें वर काढते. पण येथें एक समाज संपला व दुसरा सुरू झाला, असें बोट ठेवून सांगतां येत नाहीं. १९२६ सालीं त्यांनीं आपला सिद्धान्त स्पष्टपणें मांडला. बीज योगायोगानें येऊन पडतें. ऊन, ओल आणि माती मानवली तर रुजतें. प्रत्येक जातीचा धर्म निराळा. अरण्यांतला शेजार हा केवळ सहवास होय, देहबंध नव्हे.

त्याच वर्षीं इथाका येथील आंतरराष्ट्रीय परिषदेंत ह्या मतावर कठोर टीका झाली, आणि पुढें कित्येक वर्षें तें जणूं वाळींत पडलें. ग्लीसन १९१९ पासून न्यूयॉर्क वनस्पति-उद्यानांत होते. त्यांनीं वनस्पतींच्या वर्गीकरणांत स्वतःला गाडून घेतलें. १९३९ मध्यें सिद्धान्ताचा पुनरुच्चार मात्र केला. १९५२ सालीं ईशान्य अमेरिकेच्या वनस्पतींवरील त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ बाहेर पडला.

न्याय उशिरा मिळाला. १९५० नंतर विस्कॉन्सिनमध्यें जॉन कर्टिस आणि ग्रेट स्मोकी पर्वतांत रॉबर्ट व्हिटेकर ह्यांनीं केलेल्या गणनांतून प्रत्येक जातीचा चढउतार स्वतंत्र असल्याचें दिसून आलें. १९५९ सालीं अमेरिकन परिस्थितिशास्त्र-संस्थेनें ग्लीसन ह्यांचा गौरव केला. तेव्हां ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

क्लेमेंट्स ह्यांचे श्रम व्यर्थ गेले, असें मात्र नाहीं. वनस्पतींच्या अनुक्रमाचा अभ्यास त्यांनींच भक्कम पायावर आणला. परंतु तळ्यांच्या गाळांतील परागकणांनीं पुढें साक्ष दिली कीं, हिमयुग ओसरल्यावर वृक्षांच्या जाती एकत्र नव्हे, तर आपापल्या गतीनें उत्तरेस सरकल्या. पृथ्वी तापत असतां उद्यांचें अरण्य हें आजच्याच अरण्याचें स्थलांतर असेल, हा भरंवसा म्हणूनच धरवत नाहीं. उपमेनें विचाराला वाट दाखवावी. भूमि पाहण्याचें काम मात्र डोळ्यांनींच करावें लागतें.