वर्दी उतरल्यावर दाद कुणाकडे?

आजचा भाग माजी सैनिकांच्या घरातल्या मारहाणीवर. विषय जड आहे, पण बोलायलाच हवं.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुठलीही सिस्टीम बघताना आधी विचारतो, रिक्वेस्ट नक्की जाते कुठे? इथेही तेच विचारू. समजा, सूर्या नदीकाठच्या मासवणमध्ये एका बाईला रिटायर्ड फौजी नवरा मारतोय. तिने जायचं कुठे?

नवरा नोकरीत असताना उत्तर असतं, युनिटकडे. १९५०च्या आर्मी ॲक्टमध्ये बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून पैसे कापायची सोय आहे. पण वर्दी उतरली की तो पगारच थांबतो. मग सीओसाहेबांना कितीही पत्रं लिहा.

आता दुसरी वाट बघा. १९८३मध्ये कलम ४९८-अ आलं, बायकोचा छळ गुन्हा ठरला. १९८४मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला-मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात समाजसेविका बसू लागल्या.

तरी अडचण उरलीच. पुष्कळ बायकांना नवरा जेलमध्ये नको असतो, मार थांबायला हवा असतो. २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा त्यासाठीच. तो २६ ऑक्टोबर २००६पासून लागू आहे. त्यात संरक्षण अधिकारी आहे, घरात राहायचा हक्क आहे, खर्च आहे, मारहाण थांबवायचा आदेश आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद.

‘तक्रार केली तर पेन्शन जाईल, खायचं काय?’ ही भीती खरी असते. पण संरक्षणाच्या आदेशाने पेन्शन बंद होत नाही. उलट २०१९मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की, बायकोच्या पोटगीसाठी पेन्शनवरही टाच आणता येते.

कुणी म्हणेल, सीमेवर काय काय पाहून आलाय तो! बरोबर आहे. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आवाज उठवला, तेव्हा १९८०मध्ये अमेरिकेत पीटीएसडी हा आजार म्हणून नोंदला गेला. आपल्याकडे माजी सैनिकांना ईसीएचएसमधून उपचार मिळतात, ते त्याने जरूर घ्यावेत. पण त्याचे उपचार हे एक तिकीट आणि तिची सुरक्षितता हे दुसरं. पहिलं क्लोज होईपर्यंत दुसरं होल्डवर ठेवायचं नाही.

म्हणून नंबर सेव्ह करा: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१. वकिलाची फी नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. शेजारच्या काकूंनाही सांगा. त्या कदाचित अजून युनिटच्या उत्तराचीच वाट बघत असतील.