आडनावाच्या रकान्यात जात : आपले पूर्वज शोधायचे कुठे?

दिवाळी सरली की सोमेश्वरनगरच्या शिवारात ऊसतोड मजुरांचे तळ पडतात. बीड, अहिल्यानगरकडची बिऱ्हाडे येतात, कोपी उभ्या राहतात, पहाटेच्या अंधारात फडाकडे गाड्या निघतात. या धंद्यात माणसे मोजायची एक रीत आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल द्यायची ती बहुतेक नवऱ्याच्या नावावर. जी बाई त्याच्याइतकीच मोळी वाहते, तिचे नाव त्या वहीत शोधून सापडत नाही. उद्या तिची पणती आपली पणजी शोधायला निघाली तर तिच्या हाती कोणता कागद लागेल?

मित्रहो, हा प्रश्न फक्त ऊसतोड मजुरांचा नाही. तो आपल्या सगळ्यांचा आहे. आपला पणजा कोण, खापरपणजा कोण, हे आपल्यापैकी किती जणांना नावानिशी सांगता येते? आणि सांगता येत नसेल तर तो दोष कोणाचा? आपल्या विसरभोळेपणाचा, की नाव लिहून ठेवणाऱ्या हातांचा?

उसाच्याच धंद्यातले एक दूरचे उदाहरण घेऊ. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर गोऱ्या मळेवाल्यांना उसासाठी मजूर हवे होते. 30 सप्टेंबर 1878 रोजी 'प्रिसिला' नावाचे जहाज पोर्तुगालच्या ताब्यातल्या मदैरा बेटावरून मजूर कुटुंबे घेऊन होनोलुलूला लागले. पुढे अझोर्स बेटांवरूनही हजारो आले. ते युरोपातले, ख्रिस्ती, तरीही मळेवाल्यांनी त्यांना आपल्या पंक्तीला बसवले नाही. हवाईच्या जनगणनेत कित्येक दशके पोर्तुगीजांची मोजणी इतर गोऱ्यांपासून वेगळी होत असे. मात्र त्यातल्या अनेकांना मुकादम केले आणि त्यांच्या हाताखाली जपानी, चिनी, फिलिपिनो मजूर दिले. मजुरांच्या गळ्यात नंबराचा धातूचा बिल्ला असे, आणि पगार त्या नंबरावर निघे. एकावर एक रचलेल्या पायऱ्या, वरच्याला नमस्कार, खालच्याला लाथ! ही रचना आपल्याला कोणी वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

या पोर्तुगीजांनी हवाईत आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आडनावे बदलली. पेरेराचे पेरी झाले, रॉड्रिग्जचे रॉजर्स, ऑलिव्हेराचे ऑलिव्हर. 'रेइस' म्हणजे राजे, म्हणून काहींनी सरळ 'किंग' लावले. अमेरिकेत एक गोष्ट घरोघरी सांगतात की बंदरावरच्या कारकुनाला उच्चार जमला नाही आणि त्याने आमचे नाव बदलून टाकले. इतिहासाचे अभ्यासक ही गोष्ट खोडून काढतात. प्रवाशांची यादी जहाज सुटण्याच्या बंदरावरच तयार होई आणि उतरण्याच्या बंदरावरचा अधिकारी ती फक्त तपासत असे. नावे बदलली ती पुढे, शाळेत, कामावर, शेजारात. बहुतेक वेळा माणसांनी स्वतः बदलली, कारण परक्या नावाला चांगली नोकरी आणि चांगली वस्ती मिळत नव्हती. कारकुनाने जबरदस्ती केली नाही, पण समाजाने पर्यायही ठेवला नाही.

आज पेरीची पणतवंडे पेरेराला शोधतात आणि तो सापडतोही. कसा? कारण अझोर्सच्या प्रत्येक गावात चर्च होते आणि चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद होती. मुलाचे नाव, आई-बापाचे नाव, बहुधा दोन्हीकडच्या आजी-आजोबांचीही नावे. आडनाव बदलले तरी मागची वही शाबूत राहिली.

आता आपल्याकडे वळू. पंढरपूर-नाशिकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांत सवर्ण घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेल्या सापडतात. आपण त्या वहीत कसे सापडणार? पंढरपुरात चोखोबाची समाधी देवळाच्या पायरीशी आहे आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडायला 1947 साल उजाडावे लागले. नाशिकला काळारामाच्या दारात 1930 पासून सत्याग्रह करावा लागला. ज्याला दारात उभे केले नाही, त्याला वहीत कोण घेणार?

आपल्या पूर्वजांची नोंद झाली ती देवापुढे नाही, कामापुढे. पहिली जागा फौज. कोरेगाव भीमाच्या जयस्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईत पडलेल्या कंपनीच्या 49 जणांची नावे आहेत. त्यातल्या 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे आणि त्यावरूनच ते महार सैनिक ओळखता येतात. तिथे आडनाव नाही. इंग्रजांनी 'नाक' आपल्या स्पेलिंगमध्ये 'एन-ए-सी' असे लिहिले. पुढे आपल्या घरांतून 'नाक' गळून पडले आणि त्या दगडाशी असलेला नावाचा धागा तुटला. बाबासाहेब 1 जानेवारी 1927 रोजी तिथे गेले आणि तो दगड पुन्हा आपल्याशी बोलू लागला.

दुसरी जागा महसुली दप्तर. जुन्या कागदात नोंद अशी असते : अमुक बिन तमुक महार. 'बिन' म्हणजे मुलगा. पाटलाच्या नावापुढे घराणे येते, कुलकर्ण्याच्या नावापुढे हुद्दा येतो, आपल्या नावापुढे जात येते. आणि नावही धड नाही. धोंडिबाचा धोंड्या, भिकाजीचा भिक्या. वतनाच्या जमिनीला तर अनेक गावांत एका माणसाचे नावच नाही, नुसते 'समस्त महार'. राबणारा एकेकटा, नोंद मात्र घाऊक!

आमचे म्हणणे इथेच आहे. पोर्तुगीज मजुराचे आडनाव बदलले, पण आडनावाची जागा त्याच्याकडे होती. आपल्या पूर्वजांच्या बाबतीत ती जागाच जातीने व्यापली होती. त्यामुळे आपल्या शोधात 'मूळ आडनाव कोणते' हा पहिला प्रश्न असू शकत नाही. ही नोंद कोणी केली, कशासाठी केली, हा पहिला प्रश्न आहे.

बाबासाहेबांचेच घ्या. वडील रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव आंबडवे, त्यावरून आंबडवेकर. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला तो 'भिवा रामजी आंबेडकर' या नावाने. आंबेडकर नावाच्या शिक्षकांची आठवण बाबासाहेबांनी स्वतः कृतज्ञतेने सांगितली आहे आणि त्या माणसाच्या मायेबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण त्या गोष्टीच्या प्रेमात पडून काहीजण रामजीबाबांना विसरतात. जात दाखवणारी खूण सोडून गावाची खूण धरणे आणि मुलाला शाळेत घालणे, हा एका सुभेदार बापाचा विचारपूर्वक निर्णय होता. आपल्या माणसांनी काही ठरवले, ही शक्यताच आपल्या इतिहासातून आधी गायब केली जाते.

काहीजण विचारतील, मग नाव बदलले की झाले का? नाही. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर फर्नांडिस, डिसोझा, परेरा अशी आडनावे मिळाली. म्हणून पोर्तुगीज आडनाव दिसले की पोर्तुगीज पूर्वज असे समजणे चूक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गोव्यातल्या ख्रिश्चनांत बामण, चारडो, सुदीर हे भेद टिकून राहिले. नाव गेले, धर्मही गेला, जात उरली. बाबासाहेबांनी 1936 साली 'मुक्ती कोन पथे?' या भाषणात हेच बजावले होते की हिंदू धर्मात राहून चोखामेळा, हरिजन अशी नावे घेतल्याने काही साधत नाही. खरे नामांतर म्हणजे धर्मांतर, तेही समतेच्या धर्मात. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे आपल्या माणसांनी घरे जाळून घेतली, जीव दिले, ते पाटीवरच्या अक्षरांसाठी नव्हे.

पूर्वज शोधताना एक मोह टाळा. आपल्यातही भोसले, गायकवाड, जाधव, मोरे आहेत. तेवढ्यावर 'आपण मूळचे राजघराण्यातले' अशी वंशावळ रचायला बरेच जण टपलेले असतात. ज्या पायऱ्यांनी आपल्याला तुडवले, त्यांच्याच वरच्या पायरीवर खोटा पाट मांडून काय मिळणार?

हा शोध हौसेचाही नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबाच्या दाखल्यावर 'महार', बापाच्या 'नवबौद्ध', मुलीच्या 'बौद्ध', आणि तिन्ही कागदांवर आडनाव तीन तऱ्हेचे. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळाल्या त्याच 1990 साली. अशा कागदांच्या जंगलात पोरीचा कॉलेजचा प्रवेश अडकतो. म्हणून कागद आधीच जमवा. शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची कोतवाल बुकातली नोंद. जुने फेरफार आणि वर्ग 6-ब वतनाच्या नोंदी. ही वतने 1 ऑगस्ट 1959 पासून कायद्याने खालसा झाली, पण फेरफारात त्यांचा माग राहिला आहे. शोधताना आडनावावर अडून बसू नका. नाव, बापाचे नाव, गाव आणि जात, या चार खुणांवर शोधा. 'धोंडिबा' नाही सापडला तर 'धोंड्या' बघा.

आणि कागदाआधी म्हातारी माणसे गाठा. आजीला माहेरचे गाव, तिची आई, तिच्या मावशा विचारा. लग्नात बाईचे नाव आणि आडनाव दोन्ही बदलते, त्यामुळे तिचा माग सगळ्यात आधी पुसतो. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचे नाव आता सक्तीचे आहे. मागच्या पिढ्यांचे काम मात्र आपल्यालाच करायचे आहे.

येत्या 14 एप्रिलला मिरवणुकीच्या वर्गणीतून प्रत्येक वस्तीने एक जाड वही घ्यावी आणि ती विहारात ठेवावी. घरटी एक पान. पहिल्या ओळीत आजीचे नाव, पूर्ण, सन्मानाने. आणि गावाबाहेरच्या तळावर उतरलेल्या त्या 'कोयत्या'तल्या बाईलाही तिचे नाव विचारा, तेही लिहा. तिची पणती शोधायला येईल तेव्हा एक तरी वही तिच्या बाजूने बोलली पाहिजे.

जय भीम!