शिवराई होन : अस्सल-नकलीची पारख

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास पाडलेले सोन्याचे नाणे. वजन सुमारे २.८ ग्रॅम, एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसरीस ‘छत्रपति’. अस्सल होन अत्यंत दुर्मिळ, त्यामुळे नकला उदंड. कसोटीचा दगड येथे अपुरा पडतो, कारण नकली होनही चोख सोन्याचा असू शकतो. खरी साक्ष ठशाची. अस्सल नाणे हातोड्याच्या घावाने पाडलेले. ठसा बहुधा मध्यापासून सरकलेला. साच्यात ओतलेल्या नकलेत भिंगाखाली बुडबुड्यांची छिद्रे, बोथट अक्षरे, कधी कडेवर सांध्याची रेघ दिसते. नवा ठसा कोरून पाडलेली नक्कल मात्र ओळखायला अवघड. तिचे अक्षरवळण ज्ञात नाण्यांशी ताडावे लागते. दोन होनांचे ठसे तंतोतंत सारखेच सरकलेले आढळले, तर संशय घ्यावाच.