वनौषधींची प्रजनन व गर्भविकास सुरक्षाचाचणी

वनस्पतिजन्य औषधाचा जननक्षमता, गर्भधारणा, गर्भाची वाढ आणि जन्मानंतरचा पिलांचा विकास यांवर विपरीत परिणाम होतो का, हे प्राण्यांवर तपासण्याची पद्धत. त्यासाठी मुख्यतः उंदीर व ससे वापरतात.

पार्श्वभूमी : थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आले. गर्भवतींनी ते घेतल्यामुळे जगभर सुमारे १०,००० बालके हातापायांच्या व इतर व्यंगांसह जन्मली. १९६१ अखेर ते बाजारातून काढून घेण्यात आले. उंदरांत ही व्यंगे सहसा आढळत नाहीत, सशांत आढळतात. त्यामुळे दोन जातींच्या प्राण्यांवर चाचणी घेण्याचा प्रघात पडला. वनस्पतींतही गर्भघातक द्रव्ये असतात. अमेरिकेतील आयडाहो राज्यात व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही वनस्पती गाभण मेंढ्यांनी चौदाव्या दिवसाच्या सुमारास खाल्ली, की एकच डोळा असलेली कोकरे जन्मत. त्यास कारणीभूत अल्कलॉइडाला सायक्लोपामाइन हे नाव मिळाले.

पद्धती : आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या (ओईसीडी) ४१४ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार औषधाच्या तीन मात्रांचे तीन गट आणि औषध न दिलेला एक तुलना-गट असतो, प्रत्येक गटात सुमारे २० गाभण माद्या लागतात. गर्भ रुजल्यापासून औषध रोज नळीने पोटात सोडतात. विण्याच्या आदल्या दिवशी गर्भाशय उघडून जिवंत, मृत व शोषले गेलेले गर्भ मोजतात. अंडाशयातील पीतपिंडांपेक्षा रुजलेले गर्भ बरेच कमी भरले, तर हानी रुजण्यापूर्वीच झाली असे समजते. उंदरांच्या निम्म्या गर्भांचे अंतर्गत अवयव तपासतात. उरलेल्यांचे सांगाडे रंगवतात. ॲलिझरीन रेडने हाडे लाल, तर अल्शियन ब्लूने कूर्चा निळी दिसते. हिशेब सुट्या पिलाचा नव्हे, वेताचा धरतात, कारण एका वेतातील पिले एकाच आईचा परिणाम भोगतात. औषधाने आईचेच खाणे तुटले असेल, तर पिलांचे घटलेले वजन थेट औषधाच्या माथी मारता येत नाही.

उदाहरण : पिंपळी, वावडिंग व टाकणखार यांचा पिप्पल्यादि योग गर्भनिरोधक म्हणून परंपरेने वापरात आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो दिलेल्या उंदरांची पिले वजनाने व लांबीने कमी भरली. काहींची आतडी नाळेत उतरलेली आढळली.

मर्यादा : झाडाचा भाग, तोडणीचा हंगाम, द्रावक आणि भेसळ यांनुसार अर्काचे घटक बदलतात. त्यामुळे पाण्यातील काढ्यावरचा निष्कर्ष त्याच मुळीच्या अल्कोहोली अर्काला लागू पडत नाही. प्राण्याची वार आणि यकृतातील चयापचयही माणसाहून वेगळा असतो. म्हणून प्राण्यांत दोष न आढळणे हा गर्भवतीसाठी निर्धोकपणाचा दाखला ठरत नाही.