हौशी राजाची वाद्ये

कलकत्त्याच्या पाथुरियाघाटा घराण्यातील राजा सौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) हे काही पोटासाठी वाजविणारे नव्हेत. सतार ही त्यांची हौस. परंतु ती हौस दिवाणखान्यात मावेना. १८७१ साली त्यांनी संगीतशाळा काढली, १८७५ साली देशी वाद्यांचा ‘यंत्रकोश’ छापला आणि १८७६ साली सुमारे शंभर वाद्ये बेल्जियमचे राजे दुसरे लिओपोल्ड यांना नजर केली. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्सला वाद्यसंग्रहालय स्थापन झाले; त्याच्या पायात हा संग्रह आहे.

हौशी माणसामागे त्याची वाद्ये बहुधा माळ्यावर जातात. ही जगली, पण काचेआडचे वाद्य मुकेच. मग वाद्य जपायचे ते लाकडासाठी की नादासाठी? राजांनी संग्रह धाडण्याआधी शाळा काढली होती, यातच या प्रश्नाचे उत्तर आहे.