मोरचुदाची टाकी

काशीगावातल्या एका गाळ्यात माझे वडील प्लेटिंगचे काम करीत. मोरचूद, गंधकाम्ल आणि विजेचा प्रवाह एवढेच भांडवल. त्या निळ्या टाकीची मला शाळेत लाज वाटे. पुढे चिपचा इतिहास वाचताना तीच टाकी पुन्हा भेटली.

सुमारे तीन दशके चिपमधल्या तारा ॲल्युमिनियमच्या होत्या. तांबे वीज अधिक सहज वाहते. पण ते सिलिकॉनमध्ये शिरून ट्रान्झिस्टर बिघडवते, शिवाय ते कोरणेही अवघड. सप्टेंबर १९९७ मध्ये आयबीएमने तोड जाहीर केली. आधी खाचा पाडायच्या, त्यांना तांबे अडवणारे अस्तर द्यायचे, मग विजेने तांबे भरून वरचे घासून काढायचे. बिदरीचा कारागीरही खाच कोरूनच चांदी बसवतो. या पद्धतीचे ‘डमासीन’ हे नाव दमास्कसच्या जडावकामावरून पडले.

खाचेचे तोंड आधी बुजले, तर आत पोकळी राहते. द्रावणात अगदी थोडी सेंद्रिय द्रव्ये घातली, की तांबे तळाकडून वेगाने भरते. त्यांचीच भावंडे वडील ‘ब्राइटनर’ म्हणून टाकीत मोजूनमापून घालत. किती घालायचे, हे ते तांब्याची झाक पाहून ठरवीत. ते ज्ञान मी कधी विचारून घेतले नाही. आता गाळाही राहिला नाही.