थांबण्याचं गणित

किरणोत्सारी पदार्थातून सुटलेला अल्फा कण हवेत जेमतेम काही सेंटिमीटर जातो आणि थांबतो. वाटेच्या अगदी शेवटी तो सर्वाधिक आयन निर्माण करतो, हे विल्यम हेन्री ब्रॅग यांना १९०४ च्या सुमारास ॲडलेडमध्ये दिसलं. त्यामागचं गणित पुरतं उलगडायला पुढची पंचवीसेक वर्षं लागली.

१९१२ साली मँचेस्टरला, रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत, चार्ल्स गॅल्टन डार्विन यांनी हिशेब मांडला. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना धक्के देताना कणाची ऊर्जा खर्ची पडते, हे त्यांनी अचूक हेरलं. पण इलेक्ट्रॉन मोकळे धरले. नील्स बोर यांना नेमकं तेच खटकलं. इलेक्ट्रॉन अणूला बांधलेला असतो. झोपाळा सावकाश लोटला तर तो हाताबरोबर पुढे जातो आणि हाताबरोबरच मागे येतो. झटका बसला तरच झुलतो. कण दुरून गेला की त्याचा धक्का असाच रेंगाळतो आणि इलेक्ट्रॉनच्या पदरी काही पडत नाही. ऊर्जेची देवाणघेवाण किती अंतरापर्यंत चालते, ते या बांधणीतून ठरलं.

ऑगस्टमध्ये बोर यांचं लग्न झालं. नवं जोडपं केंब्रिजला गेलं, पत्नी मार्गरेट यांच्या मदतीने या हिशेबाचा लेख पुरा झाला आणि दोघांनी तो मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या हाती दिला. १९१३ मध्ये तो छापून आला.

१९३० साली हान्स बेथे यांनी हेच गणित पुंजयांत्रिकीच्या पायावर नव्याने उभं केलं. वेग मंदावला की कण प्रत्येक इलेक्ट्रॉनजवळ जास्त वेळ घालवतो, जास्त ऊर्जा गमावतो आणि आणखी मंदावतो. म्हणूनच खर्चाचा वेग शेवटच्या टप्प्यात सर्वाधिक असतो.

प्रोटॉनमध्येही असलेला हा गुण कर्करोगाच्या गाठीवर वापरता येईल, हे रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये सुचवलं. आज नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेकमध्येही प्रोटॉन उपचार होतात. गाठीपर्यंतची खोली ठरवताना बोर यांची ती बांधणी एका सरासरी ऊर्जेच्या रूपात अजून हिशेबात असते: पाण्यासाठी सुमारे ७५ ते ७८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. या दोन आकड्यांमधल्या फरकाने शरीरात खोल जाणाऱ्या प्रोटॉनचा मुक्काम एखाद्या मिलिमीटरने सरकतो. गाठीला लागून मज्जारज्जू असेल, तर तो मिलिमीटर फार मोलाचा असतो.